तिलवाऱ्यापलीकडचे पाहुणे

पाहुणे यावेत म्हणून आम्ही नर्मदेकाठचं ते घर घेतलं. पाहुणे येतात, दोन दिवस राहतात, जातात. किस्से मात्र एकदा आले की मुक्कामच ठोकतात. आता इकडे शहरात, राइट टाउनात, आमच्याकडे कोणी चहाला आलं तर माझी तब्येत विचारत नाही. बसल्या बसल्या, "वसुधाताई, नवीन काय झालं तिकडे?" चहा निवतो, पण उठायचं नाव कोणी घेत नाही.

आधी आमची मंडळी सांगते. आमचे हे, म्हणजे श्रीकांत, रांझीकडच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूत खोट शोधायची, हीच जन्मभराची नोकरी. यांचे चुलत भाऊ बंडू भाऊजी रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांना कशातच खोट दिसत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि घरी या दोघांच्या मधे उभी राहत होते. मुलगी केतकी बंगलोरला. तिला मराठी समजते सगळी, बोलते कमी, आणि रागावली की हिंदीत रागावते.

* * *

रिटायर झाल्यावर हे गॅलरीत बसू लागले. नुसते बसायचे. पेपर मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. मी विचारलं, "काय करून राहिले?" तर म्हणायचे, "काही नाही." असे कितीतरी महिने गेले. फॅक्टरीत ज्यांच्या आवाजाला लोक दचकायचे, ते घरात दिवसभरात चार वाक्यं बोलेनात. मला आतून भीती वाटायला लागली होती.

अशात बंडू भाऊजी एक दिवस उगवले. "दादा, चलो. तिलवाऱ्याचा पूल ओलांडून पुढे एक घर विकायला आहे. आजकाल शहरातले लोक नर्मदेकाठी दोन दिवस राहायला जागा शोधतात. आपण होमस्टे काढू."

मातीच्या विटांचं, कवेलूच्या म्हणजे कौलांच्या छपराचं घर. मागच्या ओसरीतून नदी दिसायची. विकणारे तिवारीजी भोपाळला मुलाकडे राहायला निघाले होते. यांनी आत शिरल्याबरोबर बोटांच्या पेरांनी भिंती ठोकून पाहायला सुरुवात केली. एक भिंत, दुसरी भिंत, कान लावून. मग विचारलं, "पंडितजी, बारिश में पानी अंदर आता है?"

तिवारीजी खोटं बोलणारे नव्हते. इकडच्या बोलीत 'पण'ला 'मनो' म्हणतात. ते शांतपणे म्हणाले, "आता है साहब. मनो रुकता नहीं."

आणि हे हसले. खो खो हसले, भिंतीला हात टेकून. बंडू भाऊजी घराकडे पाहत होते, मी यांच्याकडे. मी म्हटलं, "घेऊन टाका."

* * *

भाऊजींचं म्हणणं, छप्पर काढून स्लॅब टाकू. हे म्हणाले, कवेलूच राहतील. कवेलू राहिले. गावातल्या रामसेवक मिस्त्रींनी एकेक उतरवून, धुऊन, फुटके बदलून नव्याने रचले. दुसऱ्या दिवशी काळ्या तोंडाची वानरं आली आणि त्यांनी एकेक उचलून खाली काय आहे ते पाहिलं.

मिस्त्रींनी परत रचले. वानरांनी परत पाहिले. असं चालू राहिलं.

मग बंडू भाऊजींनी ग्वारीघाटाच्या जत्रेतून एक वाघ आणला. कापडी, कापूस भरलेला, चांगला कुत्र्याएवढा. "वहिनी, आता बघा," म्हणाले, आणि शिडी लावून त्याला छपराच्या टोकावर बसवलं. वानरं पिंपळावर जाऊन बसली. दिवसभर कोणी खाली उतरलं नाही. भाऊजींनी संध्याकाळी विजयाचा चहा मागितला.

सकाळी वाघ छपरावर नव्हता. आम्ही अंगणात, झुडपात शोधलं. शेवटी मिस्त्रींनी वर बोट दाखवलं. पिंपळाच्या फांदीवर एक वानरीण वाघाला मांडीवर घेऊन त्याच्या डोक्यातल्या उवा काढत होती.

मिस्त्री भाऊजींना म्हणाले, "भैया, अब एक और हो गया."

* * *

बाथरूमचा कमोड शहरातून न्यायचा होता. टेम्पो गावाच्या अरुंद गल्लीत जाईना, म्हणून सडकेपासून पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवला. फुटू नये म्हणून बंडू भाऊजी ट्रॉलीत बसले, कमोडला दोन्ही हातांनी कवटाळून.

गावात शिरताच पुढे वरात. मागून वरातीच्याच जीपा. ट्रॅक्टर पुढे जाईना, मागे जाईना. बँडवाले थांबायला तयार नाहीत. शेवटी वरातीनेच ट्रॅक्टर आपल्यात घेतला. पुढे बँड, मधे ट्रॉली, मागे घोडीवर नवरदेव.

मुलीकडच्या दारात आल्यावर वधूपित्याला ट्रॉलीत उंचावर बसलेले, पांढऱ्या केसांचे, गंभीर चेहऱ्याचे भाऊजी दिसले. मुलाकडचे कोणीतरी मोठे असणार, असं समजून त्यांनी हार घातला, टिळा लावला, हात धरून खाली उतरवलं आणि पंगतीत नेऊन बसवलं.

इकडे आम्ही वाट पाहून राहिलो. अंधार पडता पडता भाऊजी आले, गळ्यात झेंडूचा हार. हे म्हणाले, "काहून उशीर झाला?"

"अरे दादा, नाही कसं म्हणायचं? फार आग्रह करत होते."

"आणि कमोड?"

भाऊजींनी ट्रॉलीकडे पाहिलं. "त्याला पण घातला त्यांनी हार. म्हणाले, वरातीत आलेली वस्तू आहे, शुभ असते."

* * *

हा किस्सा मी हसत सांगत नाही, पण सांगते.

सगळं होत आलं होतं. पाहुणे बोलवायची तारीख ठरली होती. आदल्या आठवड्यात मोठं वादळ झालं आणि ओसरीकडची मागची भिंत बसली. कोणाला लागलं नाही, तेवढंच. आम्ही पोहोचलो तर ओसरीच्या जागी ढिगारा, आणि त्यातून नदी आणखी मोठी दिसत होती.

हे जाऊन त्या ढिगाऱ्यावर बसले. मांडीवर हात, नजर समोर. गॅलरीत बसायचे, तसेच. मला ते बसणं ओळखीचं होतं. मी म्हटलं, "जाऊ द्या. विकून टाकू." रामसेवक मिस्त्री बाजूला उभे होते. ते म्हणाले, "साहब, दीवार बैठ गई, ठीक है. आप काहे बैठे हो?"

तरी हे उठले नाहीत. ओढून घरी आणलं. जेवले अर्धी पोळी.

सकाळी मी उठले तर हे पलंगावर नाहीत, गॅलरीत नाहीत. स्कूटर नाही. फोन घरीच. भाऊजींना बोलावलं, त्यांच्या गाडीवर मागे बसून तिलवाऱ्याचा पूल ओलांडला. पुलावर भाऊजींनी नदीकडे पाहिलं, मी पाहिलं नाही.

हे ओसरीत होते. ढिगाऱ्यातून विटा काढून दोन ढीग करून राहिले होते. एक वीट उचलायची, पेराने ठोकायची, ऐकायचं, बाजूला ठेवायची. मिस्त्री समोर बसून तेच करत होते. दोघांच्याही भुवया धुळीने पांढऱ्या झालेल्या.

मला पाहून म्हणाले, "बरं झालं आलीस. पायाच खोलवर घेतला नव्हता त्या भिंतीचा. विटा चांगल्या आहेत. चहा आणला का?"

मी आणला नव्हता. भाऊजी गावातून घेऊन आले. मी तोवर पदराने तोंड पुसत नदीकडे पाहत उभी राहिले.

* * *

भिंत नव्याने उभी राहिली. मग केतकीचा बंगलोरहून फोन. "बाबा, फोटो पाठवा. मी इंटरनेटवर टाकते."

यांनी पाठवले. दाराच्या बिजागरीचा गंज, तीन बाजूंनी. स्विचबोर्डाचा वाकडा स्क्रू. खोलीच्या कोपऱ्यातली केसाएवढी चीर, बाजूला फूटपट्टी ठेवून.

केतकी चिडली, म्हणजे हिंदीत आली. "बाबा, घर किराए पे देना है कि तुड़वाना है?"

हे म्हणाले, "आमच्या खात्यात पद्धत होती. खोट आधी दाखवायची. नंतर भांडण नाही."

बापलेकीची बरीच ओढाताण झाली. शेवटी फोटो केतकीचे, मजकूर यांचा. यांनी लिहिलं: पंखा आवाज करतो. मोर पहाटे ओरडतात, त्यांना काही सांगता येत नाही. वानरं स्वभावाने चौकस आहेत. मालकीणबाई फार बोलतात.

शेवटचं वाक्य मला न विचारता गेलं. पहिलं बुकिंग इंदूरच्या एका एकट्या बाईंचं आलं. उतरल्याबरोबर बॅग खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "जो बहुत बोलती हैं, वो आप ही हैं ना? मैं उसी के लिए आई हूँ."

दोन दिवस आम्ही बोललो. मोरांचा आवाज आला नाही.

* * *

पुण्याचे एक प्राध्यापक आले, बायकोसोबत. सज्जन माणूस, पण कान फार तिखट. मी म्हटलं, "मी पोहे करून राहिले," की ते हळूच म्हणायचे, "करते आहे." हे म्हणाले, "तुम्ही काहून उभे?" की ते, "का उभे." रागाने नाही, सवयीने.

जेवताना त्यांनी विचारलं, "तुमचं मराठी असं कसं झालं हो?"

यांनी पोळीचा तुकडा मोडला. "आमचे लोक मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले. राहा म्हणाले, राहिलो. परत चला म्हणायला कोणी आलंच नाही. तेव्हा जे सोबत होतं त्यावर भागवून राहिलो."

प्राध्यापकांनी नंतर कोणाचं काही दुरुस्त केलं नाही. जाताना यांच्या पाया पडले, मला फार संकोच वाटला.

पंधरवड्याने त्यांच्या बायकोचा फोन. "वसुधाताई, यांना काय केलंत तुम्ही? काल वर्गात मुलांना म्हणाले, तुम्ही लिहून काहून नाही राहिले?"

* * *

आमच्या कुंपणाला लागून पटेलजींचं घर. त्यांची बायको गोमतीबाई. पाहुण्यांसाठी तूप मी त्यांच्याकडूनच घेते. नदीकाठचं घर, त्यामुळे अमावस्या म्हणू नका, संक्रांत म्हणू नका, स्नानाला आलेले नातेवाईक त्यांच्याकडे उतरायचे. गोमतीबाई पहाटेपासून चुलीपाशी. लग्न होऊन आल्या तेव्हापासून हेच.

कुंपणापलीकडून त्या आमचे पाहुणे पाहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "दीदी, ये लोग सुबह उठ के क्या करते हैं?"

"काही नाही. बसतात. चाय आती है, पीते हैं."

"और फिर?"

"फिर बैठते हैं."

त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या.

संक्रांतीची गर्दी सरली आणि एका सकाळी गोमतीबाई आमच्या फाटकातून आल्या. रोज त्या कुंपणाच्या फटीतून येतात, त्या दिवशी फाटकातून. ठेवणीतली साडी, केस नीट विंचरलेले, हातात बॅग.

"दीदी, एक कमरा खाली है?"

"आहे ना. कौन आ रहा है?"

"हम."

त्यांनी कमरेच्या बटव्यातून पैसे काढून माझ्यापुढे धरले. मी म्हटलं, "अहो, तुमच्याकडून कसले घ्यायचे?"

"ले लो दीदी. मुफ्त में तो रिश्तेदार रहते हैं. हम मेहमान हैं."

मी घेतले. सगळ्या पाहुण्यांना दाखवते तशी खोली दाखवली. गीझर कसा लावायचा ते सांगितलं. तो गीझर बसवला तेव्हा त्या स्वतः तिथे उभ्या होत्या, तरी त्यांनी सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकून घेतलं. मग ओसरीतल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मी ट्रेमधे चहा नेला आणि सवयीने विचारलं, "शक्कर कितनी?"

"हमसे कभी किसी ने पूछा नहीं," म्हणाल्या. मग विचार करून, "ज़रा ज़्यादा."

दुपारी जेवून त्या रजई ओढून झोपल्या. उठून परत ओसरीत आल्या, समोर वेताचा बुटका मोडा ओढून त्यावर पाय ठेवले आणि नदी पाहत बसल्या. आम्ही कोणी त्यांच्याशी बोललो नाही. हे तर चपला हातात घेऊन चालत होते.

दिवेलागणीला फाटकाशी पटेलजी आले. कोपरापर्यंत हात पिठाने भरलेले. माझ्या खांद्यावरून त्यांना ओसरीतली खुर्ची दिसत होती. म्हणाले, "दीदी, ज़रा पूछ लो उनसे, हींग कहाँ रखी है?"

मी मागे वळले. गोमतीबाईंनी मान वळवली नाही. नदीकडे पाहतच म्हणाल्या, "दीदी, बाहर कोई आए हैं क्या? कह दो, मैडम आराम कर रही हैं."

मी फाटकाशी गेले आणि जसंच्या तसं सांगितलं.

पटेलजींनी हातांकडे पाहिलं, ते धोतराला पुसले. मग जरा पुढे वाकून, आवाज खाली आणून त्यांनी मला विचारलं, "अच्छा. मनो दीदी, चेक-आउट कितने बजे है?"