मिलिंदच्या मशीनची शेवटची आंघोळ

"शुभाताई, निघालोच बघ. दार उघडं ठेव, हात रिकामे नसतील माझे." मिलिंदचं माझ्याशी हे शेवटचं बोलणं. रविवार, दुपारचे बारा. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, मी खरंच दार उघडं ठेवून पुऱ्या तळत होते. थोड्या वेळाने खालच्या पार्किंग लॉटमधून आरडाओरडा ऐकू आला. गॅलरीतून पाहिलं तर मिलिंद डांबरावर पालथा पडलेला, पोटाखाली त्याच्या कॉम्प्युटरचा कॅबिनेट, दोन्ही हातांनी कवटाळलेला. एक माणूस त्याचे पाय धरून ओढत होता आणि दुसरा चाकं खोलायचा लोखंडी पाना त्याच्या पाठीत, खांद्यावर, डोक्यात घालत होता. दिवसाढवळ्या! मी हातातला झारा घेऊन अनवाणीच जिना उतरले. शेवटच्या पायऱ्यांवर असताना गोळीचा आवाज आला. मी झारा फेकून मारला... तो कुठल्याशा गाडीच्या काचेवर आपटला. ते दोघे पळाले, अजून सापडलेले नाहीत. अँब्युलन्सवाल्यांना कॅबिनेटवरची मिलिंदची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"त्याने सोडून का नाही दिलं?" पोलीस ऑफिसरने मला विचारलं. मी त्याच्या अंगावरच धावून गेले. नवऱ्याने मागून धरलं म्हणून, नाहीतर त्या दिवशी मलाच आत टाकलं असतं. पण पुढे जो भेटला त्याने हेच विचारलं. काय होतं यार त्या डब्यात, हार्डवेअर तर कुठेही मिळतं, सोडून द्यायचं ना... मी प्रत्येकाशी भांडले, कारण उत्तर मलाही माहीत नव्हतं.

मिलिंद नागपूरचा. आम्ही एका ऑफिसात, समोरासमोरच्या क्युबिकलमध्ये तीन वर्षं काढली. मी नाशिकची, तोंडाची तिखट. माझ्या आरडाओरड्याला ऑफिसात सगळे टरकून असायचे, हा सोडून. मी फोन आपटला की भिंतीवरून मान वर काढायचा. "काऊन चिडून राहिली बाप्पा? मशीनला आंघोळ घाल, मशीनलाही बरं वाटते अन् तुलेही." आंघोळ हा त्याचा शब्द. डिस्क पूर्ण पुसायची, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकायची, मग एकेक प्रोग्राम. दर दोन-तीन महिन्यांनी त्याची ही आंघोळ निघायची आणि दर वेळी मी बजावायचे, "आधी अंगावरचं सोनं काढून ठेव रे!" म्हणजे बॅकअप घे. एकदा बॅकअप न घेता माझ्या मशीनला आंघोळ घालून त्याने माझे दोन महिन्यांचे प्रोग्राम उडवले, तेव्हा मी हातातला कॉफीचा मग त्याच्या दिशेने भिरकावला होता. त्याच्या कपाळाला खोक पडली. टाके घालून आला आणि म्हणाला, "ताई, नेम चांगला हाय तुझा." ती खूण शेवटपर्यंत राहिली. मला ती बघवायची नाही.

त्या मशीनवर तो आईला पत्रं लिहायचा. त्यासाठी त्याने स्वतः मराठी फाँट बनवला होता, आठ महिने रविवार घालवून. कोणतं अक्षर कुठल्या बटणावर, हेही त्याचं त्यानेच ठरवलेलं. म्हणून कीबोर्डच्या प्रत्येक बटणावर बॉलपेनने अक्षर लिहिलेली चिकटपट्टी. फाँट मात्र भयंकर. 'ण' लंगडा, 'क'चं पोट सुटलेलं, 'ळ' आडवा पडलेला. "कसली ही वेडीवाकडी अक्षरं काढलीस! लाज नाही वाटत?" मी म्हणायचे. तो नुसता हसायचा.

सहा आठवड्यांनी पोलिसांनी मशीन, त्याच्या खोलीवरच्या कीबोर्डसकट, माझ्या हवाली केलं. घरच्यांनीच तसं लिहून दिलं होतं, कारण आईला एकच गोष्ट हवी होती. त्या रविवारच्या आदल्या दिवशी मिलिंद फोनवर त्यांना म्हणाला होता, "मोठं पत्र लिहिलं आहे, मशीन सुधरली की छापून धाडतो." ते पत्र. कॅबिनेट चेपलेला, कडेला वाळलेलं काळपट रक्त. मी ते ओल्या फडक्याने पुसलं आणि पुसताना त्या दोघांना येतील तेवढ्या शिव्या घातल्या. डिस्क फिरत होती, पण सिस्टिम उभी राहीना. फ्लॉपीवरून कशीबशी आत शिरले, त्याची सगळी पत्रं काढून घेतली, तपासली आणि डिस्क फॉरमॅट केली. अगदी शिस्तीत सगळं नव्याने टाकलं. मग पत्र उघडलं... पडद्यावर कंस, टक्के, आकडे, इंग्रजी अक्षरांचा चिवडा. फाँट! पत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये होती, फाँट सिस्टिमच्या. आंघोळीआधी सोनं उतरव म्हणून तीन वर्षं घसा फोडणाऱ्या बाईने आपल्या हाताने फाँट पुसला होता. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी मॉनिटरला लाथ घातली. तो टेबलावरून खाली गेला, फुटला. मग भिंतीवर कपाळ आपटत राहिले, नवरा येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुसरा मॉनिटर लावला, त्याचा कीबोर्ड मांडीवर घेतला. पडद्यावर जी खूण दिसेल ते बटण शोधायचं, चिकटपट्टीवरचं अक्षर वहीत उतरवायचं. दोन रविवार गेले. पत्र उलगडलं. "आई, मशीन पुन्हा बिघडून राहिली. उद्या शुभाताईकडं नेतो. ती लई बोंबलते, मारतेही, पण तिच्यासारखं कोणी करून देत नाही..." इथे मी वही मिटली आणि ओक्साबोक्शी रडले. सगळं पत्र ऑफिसातल्या दुसऱ्या मराठी फाँटमध्ये टाइप केलं, सुबक, ठळक. छापून नागपूरला धाडलं.

आईंचा फोन आला. "पत्र भेटलं बाई. पण हे अक्षर माझं नाही."

"तुमचं कसं असेल आई? मिलिंदचं पत्र आहे ते."

"तेच म्हणते न मी. पन्नाशीत मी लिहाले शिकली, तवा त्यानं माझ्याकडून सारी अक्षरं कागदावर लिहून घेतली, तिकडं नेली. मग माझ्याच अक्षरात मले पत्र धाडे. म्हणे, आई, छापील पाहून तू घाबरते, आपलं अक्षर पाहून नाही घाबरणार. दुसरं मले वाचता येत नाही बाई..."

लंगडा 'ण'. पोट सुटलेला 'क'. त्याने सोडून का नाही दिलं, ते मला फोन कानाला असतानाच कळलं. आणि मी ते अक्षर पुसलं होतं. रडत रडत तसं सांगून टाकलं. आई म्हणाल्या, "रडू नको. मी हाय न अजून. पुन्हा लिहून धाडते."

गेल्या आठवड्यात पाकीट आलं. रेघांच्या कागदावर अ पासून ज्ञ पर्यंत, एका ओळीत चार-चार अक्षरं. 'म'पाशी मात्र पेन इतकं दाबलं आहे की कागद फाटला आहे. नवरा म्हणाला, तेवढं एक अक्षर पुन्हा मागव. मी त्याच्यावर ओरडले. फाटका 'म' तसाच स्कॅन केला. मिलिंदच्या कीबोर्डवर 'म'ची चिकटपट्टी कुठल्या बटणावर आहे ते पाहिलं आणि त्याच बटणावर तो बसवला. एकेक करत सगळी अक्षरं बसली, पत्र पुन्हा छापलं, परवा पोस्टात टाकलं.

आणि मिलिंद, ऐकतोयस ना रे, या वेळी सोनं आधी काढून ठेवलंय. तीन-तीन फ्लॉपींवर.