तायडे गुरुजींची शिट्टी

आमच्या अमरावतीच्या कबड्डी मंडळानं आयुष्यात ढाली जिंकल्या तीन. त्यातली एक उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ली. किस्से मात्र पोत्यानं जमले, आणि त्यांना उधई लागत नाही. कोणाच्या मुलीचं लग्न असो की कोणाची तेरवी, आम्ही चार जुने लोक एका सतरंजीवर आलो की पहिलं वाक्य ठरलेलं, "गुरुजींचं ते आठवते का बे?" मग चहा थंड होतो, वाढणारे ताटकळतात आणि घरमालक आमच्याकडे रागानं बघतो.

गुरुजी म्हणजे तायडे गुरुजी. दिवसा शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी मैदानावर पंच. मी त्यांचा गुणलेखक, म्हणजे टेबलापाशी बसून पॉइंट लिहिणारा. त्यामुळे सांगतो ते सगळं जवळून बघितलेलं आहे. मीठ-मसाला थोडा माझा असेल, पण भाजी त्यांचीच.

*

एका वर्षी स्पर्धेच्या उद्घाटनाला तहसीलदार साहेब आले. पद्धत अशी, की पाहुण्यांनी नारळ फोडायचा, मग एक लुटुपुटूची चढाई करायची, दोन-चार पोरांनी मुद्दाम शिवून घ्यायचं आणि टाळ्या. साहेब कोट-बुटासकट चुन्यानं आखलेल्या अंगणात घुसले, "कबड्डी कबड्डी" करत दोन पोरांना शिवले आणि ऐटीत परत फिरताना त्यांचा बूट रेषेबाहेर पडला. शिट्टी वाजली.

"साहेब, तुमी बाद."

मांडव गार! साहेब म्हणाले, "अहो गुरुजी, हे उद्घाटन आहे."

"होय साहेब," गुरुजी म्हणाले, "पन चुना खराच हाये."

साहेब माणूस सज्जन. निमूट बाहेर जाऊन बाद झालेल्या पोरांच्या रांगेत बसले. त्यांची बदली होईपर्यंत ते दरवर्षी आले, पण नारळ फोडला की थेट खुर्चीवर.

*

वरूडला सामने असले की आमचा संघ सगळा तयार. एरवी आजारी असणारेसुद्धा बरे होत. कारण तिथले यजमान बागायतदार, आणि संत्री म्हणाल तेवढी.

त्या वर्षी त्यांनी आम्हाला सकाळीच बागेत नेलं. "खा जी, लाजू नका." आम्ही कशाला लाजतो? दुपारी बारापर्यंत खाल्ली. चार वाजता सामना सुरू झाला आणि पहिल्याच चढाईला आमचा कप्तान पांडूभाऊ मधल्या रेषेपलीकडे गेला, दम धरला, आणि भर अंगणात ढेकर दिला. शिट्टी.

"दम तुटला. बाद."

"गुरुजी, ढेकर होता तो."

"ढेकर देताना कबड्डी म्हनत होता काय तू?"

पांडूभाऊ पोट धरून बाहेर जाऊन बसला. त्याच्यामागून पाचजण तसेच गेले. आम्ही सपाटून हरलो. वरूडवाल्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली आणि जाताना आणखी एक टोपली दिली. गुरुजींनी तिच्यातली दोनच संत्री घेतली, घरी दोन मुलं होती म्हणून.

*

यापुढचा मजकूर किस्सा नाही. पण तो सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

एका वर्षी पोळा झाल्यावर गुरुजींची बायको सुभद्राबाई दोन्ही मुलांना घेऊन शेंदूरजनाघाटला माहेरी गेली होती. परत येताना नाल्याला अचानक लोंढा आला आणि बैलबंडी वाहून गेली. तिघंही गेली. वसंता एकोणीस वर्षांचा होता, आमच्याच संघात खेळायचा. मधू दहा वर्षांचा.

गुरुजी शाळेत जात, गणितं शिकवत, घरी येत आणि दार लावून घेत. मैदानाकडे फिरकले नाहीत. आम्हाला एकच भीती होती, की हा माणूस असाच बंद दाराआड बसून एक दिवस आपल्या हातचा जाईल.

आमचे सेक्रेटरी जोशी वकील मनाचे फार मऊ. ते रोज जाऊन गुरुजींचा हात धरून "ईश्वरेच्छा" म्हणत. गुरुजी त्यांना चहा देत. गुरुजींनी छप्पन साली नागपूरला जाऊन बुद्धधम्माची दीक्षा घेतलेली, भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर, आणि तिच्याखाली बसून वकीलसाहेब महिनाभर ईश्वरेच्छा म्हणत होते! गुरुजींनी एकदाही त्यांना अडवलं नाही. पंचाचं काम सोडलेलं होतं ना.

*

तोड काढली पांडूभाऊनं. पांडूभाऊ हिवरखेडचा, कोर्टात शिपाई, डोक्यानं कमी आणि अंगानं जास्त चालणारा. पण त्या दिवशी डोकं चाललं.

गुरुजींच्या घरासमोर मोकळी जागा होती. आम्ही तिथं चुना टाकून अंगण आखलं आणि रोज संध्याकाळी खेळायला लागलो. अट एकच, सगळं चूक खेळायचं. बाद झालेला खेळतोय, दम तुटला तरी चढाई चालू, एका बाजूला सात तर दुसऱ्या बाजूला नऊ. पंच म्हणून जोशी वकील. त्यांना नियम माहीतच नव्हते, त्यामुळे त्यांना सोंग करावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी गुरुजींची खिडकी बंद. दुसऱ्या दिवशी फट उघडी. तिसऱ्या दिवशी पूर्ण उघडी. चौथ्या दिवशी खिडकीतून खोकल्याचा आवाज आला, आणि तो खोकला साधा नव्हता, हे मी गुणलेखक म्हणून सांगतो.

पाचव्या दिवशी दार उघडलं. गुरुजी बनियनवर बाहेर आले, कोणाशी बोलले नाहीत. पांडूभाऊच्या हातातलं चुन्याचं घमेलं घेतलं, मधली रेषा पायानं पुसली आणि वाकून नवी मारली.

"रेषा तरी सरळ मारा बे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी येताना गळ्यात शिट्टी होती. त्या रात्री आम्ही सगळे पोटभर जेवलो, एवढंच सांगतो.

*

गुरुजी मैदानावर परतले, पण एक गोष्ट राहिली. ते बायकोचं किंवा मुलांचं नाव घेत नसत. मग आम्हीही घेत नसू. आमच्या संघात आणखी एक वसंता होता. त्याला आम्ही रातोरात लंबू करून टाकलं. तो बिचारा पाच फूट दोन इंच.

त्याची आई एकदा मैदानावर डबा घेऊन आली आणि लांबून ओरडली, "वसंताऽऽ!" आम्ही अकराजण एकदम खोकलो. तिला वाटलं, साथ आली. डबा तिथंच ठेवून घरी गेली.

असं तीन वर्षं चाललं. हसायला येत होतं ते आम्हालाच. गुरुजी शिट्टी वाजवत, निकाल देत, पण हसत नसत. बायकोपोरांची नावं मनातल्या मनात दाबून माणूस किती दिवस चालेल, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हतं.

*

अशात नागपूरच्या रेडिओवाल्यांचं पत्र आलं. खेळाच्या कार्यक्रमात त्यांना एक मुलाखत हवी होती. संकट कोसळल्यावर श्रद्धेच्या बळावर पुन्हा मैदानात उभा राहिलेला माणूस हवा होता. गुरुजींचं नाव त्यांना कळवलं होतं अर्थातच जोशी वकिलांनी.

त्या काळी रेडिओवर बोलायचं म्हणजे आधी लिहून पाठवावं लागे. वकिलांनी गुरुजींना न विचारता दोन रात्री जागून त्यांची उत्तरं लिहून काढली. "परमेश्वरावरील अढळ निष्ठा हीच माझी नौका" वगैरे. मग भीतभीत गुरुजींपुढं ठेवली.

गुरुजींनी चष्मा लावला, तांबडी पेन्सिल काढली, सगळं वाचलं आणि खाली लिहिलं, दहापैकी चार.

"चार कशाचे, गुरुजी?" वकिलांनी विचारलं.

"अक्षराचे."

*

शेवटी रेडिओवाले साहेब स्वतःच जीपमधून आले, टेपचं भलंमोठं यंत्र घेऊन. आवाज नको म्हणून शाळेची विज्ञानाची खोली घेतली, खिडक्या लावल्या, आणि बाहेर कावळे हाकलायला लंबूला बसवलं. आत साहेब, गुरुजी, आणि मागच्या बाकावर वकील, पांडूभाऊ आणि मी. खोकायचं नाही, अशी आम्हाला ताकीद होती. ती आम्हाला जड जाणार होती.

नियमांविषयी चार प्रश्न झाले. मग साहेबांनी आवाज खाली आणला. "गुरुजी, आपल्यावर एवढा मोठा आघात झाला. तरीही देवावरची श्रद्धा ढळली नाही, याचं रहस्य काय?"

"देव तर आमी छप्पन सालीच सोडला, साहेब."

साहेबांनी घाम पुसला. वकिलांनी डोळे मिटले. यंत्र फिरत होतं.

"मग," साहेब म्हणाले, "मग कशावर विश्वास ठेवून उभे राहिलात?"

गुरुजी चष्मा काढून पुसायला लागले. साहेब यंत्राकडं बघायला लागले. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "अकोल्याची मॅच झाली होती. माहा वसंता खेळत होता तिच्यात."

तीन वर्षांत पहिल्यांदा ते नाव आलं. पांडूभाऊनं माझा दंड एवढा दाबला, की पुढं आठ दिवस निळा होता.

अकोल्याची ती मॅच आम्हाला सगळ्यांना पाठ होती, आणि आम्ही तिच्याबद्दल कधी बोलत नव्हतो. अंतिम सामना. ठरलेले पंच आले नाहीत. तेव्हा अकोल्याचेच लोक म्हणाले, "तायडे गुरुजी असले तं चालते, पोरगा खेळत असला तरी चालते." शेवटचं मिनिट, गुण बरोबरीत. वसंता चढाईला गेला, दोघांना शिवून मधली रेषा ओलांडून परत आला. ढाल आमची! आम्ही उड्या मारल्या. आणि शिट्टी वाजली. गुरुजी म्हणाले, वसंताचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला. आमच्यापैकी कोणी बघितला नव्हता. अकोल्याच्या लोकांनीही बघितला नव्हता, ते तर ढाल गेली म्हणून उठून चालले होते. एका गुणानं हरलो. बडनेऱ्यापर्यंत गाडीत गुरुजींशी कोणी बोललं नाही. पांडूभाऊ त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "असा बाप वैऱ्याले न मिळो." वसंता खिडकीपाशी गप्प बसून होता.

"साहेब," गुरुजी म्हणाले, "मले तो पाय दिसलाच नव्हता."

वकिलांनी मिटलेले डोळे उघडले.

"कोनालेच दिसला नव्हता. मी ढाल देनार होतो. तेवढ्यात वसंतानं माह्याकडे पाह्यलं अन् बाद झालो म्हनून हात वर केला. इथं, छातीपाशी. माह्यापुरताच. मंग मी शिट्टी वाजवली. कोनी पाहत नाई, ढाल हातात आली हाये, अन् एकोनीस वर्साचं पोट्टं स्वतःहून हात वर करते. मानसात हे असते. बस, यावर उभा आहो. दुसरं माह्यापाशी काई नाई."

साहेबांचा कागद टेबलावरून खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. हळूच म्हणाले, "पण गुरुजी, सगळ्यांचा राग तुम्ही स्वतःवर घेतलात. तेव्हाच खरं का नाही सांगितलं?"

गुरुजींनी मागं वळून पांडूभाऊकडं बोट केलं.

"यानं त्याले गाडीतच मारलं असतं ना."

"आणि आज सांगितलंत?"

"आता मार म्हना त्याले," गुरुजी म्हणाले आणि हसले. तीन वर्षांनी हसले. पांडूभाऊनं डोक्याचा रुमाल तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही. आम्ही सगळे रडत रडत हसायला लागलो, आणि रेडिओवाल्या साहेबांनी यंत्र बंद केलं नाही.