नाखव्याचं मशीन

अर्नाळ्याहून बेटावरच्या शाळेत शिकवायला मी ज्याच्या होडीतून जायचो, त्या नाखव्याला बोलण्याचा कंटाळा होता. होडीत नवं डिझेलचं मशीन बसलं, तरी तो शीड उभारायचाच. सुकाण काखेत धरून डोळे मिटायचा आणि गालाला लागणाऱ्या वाऱ्यावरून होडी वळवायचा. सकाळच्या खेपेला बहुधा मी एकटाच असायचो. शिडाच्या सावलीत, मशीनच्या फटफट आवाजात मला गुंगी यायची. पाण्याची मला लहानपणापासून भीती. "मशीन आहे म्हणून बरं," असं मी रोज म्हणायचो. तो नुसता हसायचा.

एकदा सहज मागे पाहिलं. मशीन चालू होतं, पण मागे फेस नव्हता. होडीनं कापलेलं पाणी सायीसारखं हळूच मिटत होतं.

"नाखवा, पंखा फिरत नाही का?"

"गिअरच टाकला नाय, मास्तर," तो डोळे न उघडता म्हणाला. "वारा हाय ना."

"मग मशीन कशाला चालू?"

"आवाज थांबला का तुमी होडीचा काठ घट्ट धरता."

मांडीवर निवांत पडलेल्या माझ्या हातांकडे मी बराच वेळ पाहिलं.

"करा बंद," मी म्हणालो.