पाठीमागे बांधलेले हात

रत्नागिरीत कुठलाही सरकारी कार्यक्रम असला की स्वागतगीत आणि सरबत आमच्या मुलींच्या शाळेकडे. हे कुणी ठरवलं माहीत नाही, कुणी विचारतही नसे. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमचा रोबो होता, तरी त्या वर्षीही तसंच झालं. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी नववीत, पूर्णगडहून एसटीने रत्नागिरीला येणारी. घरात माझ्याआधी कुणी दहावीपुढे गेलेलं नव्हतं. विज्ञानाच्या बाईंनी आम्हा चौघींना निवडलं आणि सहा महिने शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसवलं. कार्यानुभवाचे सर देवरूखकडचे. ते तारांना डाख द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, शिकवायचे. "रोज चुलीशी बसता, नि एवढ्याशा तापल्या काडीला भिता काय गो?" म्हणायचे.

जुन्या टेपरेकॉर्डरच्या दोन मोटारी, लाकडी फळी, पुढे उजेड ओळखणारे दोन सेन्सर. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळी पट्टी चिकटवली की गाडी ती पट्टी धरून आपली आपण वळत जायची. फक्त जागा बदलली, उजेड बदलला, की एक बारीक स्क्रू फिरवून तिला पुन्हा जुळवावं लागे.

बाई सगळं समजावायच्या, पण हात पाठीमागे बांधून. "माझा हात लागला की तो माझा रोबो झाला."

पहिला नंबर आला तर राज्याच्या प्रदर्शनाला जायचं होतं. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, चौघींना बोलावून घेतलं. "गाणं झालं की सरबत फिरवा. दहा मिनिटांचं काम आहे." मुलांच्या शाळांतली मुलं आपापल्या टेबलाशी उभी होती. त्यांना कुणी बोलावलं नाही.

दहा मिनिटांचा तास झाला. कोकम सरबताचा ट्रे घेऊन मी गर्दीतून परीक्षकांकडे येत होते, तेव्हा ते आमच्याच टेबलाशी होते; बोलणं मला ऐकू येत होतं.

"कुठल्या सरांनी केलंय हे?"

"मुलींनी," बाई म्हणाल्या. "पाच मिनिटं थांबा, बोलावते त्यांना."

"कशाला? कामात आहेत, असू देत. तुम्हीच दाखवा की."

"मी नाही दाखवणार. त्यांचं आहे ते."

परीक्षकांनी स्वतःच बटण दाबलं. खिडकीतून ऊन आलं होतं, स्क्रू सकाळच्या उजेडावर लावलेला. गाडी दोन वीत गेली, पट्टी सोडली आणि टेबलावरून खाली पडली. बाईंचे हात पाठीमागेच होते.

तोवर मी टेबलाशी पोचले. म्हटलं, "सर, हा आम्ही केलाय. एक स्क्रू फिरवला की..."

"हो का? छान." त्यांनी माझ्या ट्रेतला पेला उचलला, एक घोट घेतला. "मीठ थोडं कमी आहे," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मी ट्रे तिथेच ठेवला. बाईंवर भयंकर चिडले होते. "तुम्हाला माहीत होतं स्क्रू कुठला ते. एकदा फिरवला असतात तर?"

"तर त्यांनी लिहिलं असतं, बाईंनी केलाय."

"लिहू देत ना. नंबर तर आला असता."

 बाई खाली बसून गाडीचं निखळलेलं चाक शोधू लागल्या. तोवर त्यांनी रोबोला कधी हात लावला नव्हता.

संध्याकाळी बक्षिसं झाली. आमच्या शाळेचं नाव पुकारलं ते उत्कृष्ट आदरातिथ्याच्या प्रशस्तिपत्रकासाठी. विद्यार्थिनी प्रतिनिधीने पुढे यावं, असं माईकवर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सवयीने मी उठायला गेले. बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात दाबून धरला.

"बस खाली."

पुन्हा नाव पुकारलं. आम्ही चौघी आणि बाई बसून राहिलो. टाळ्या थांबल्या, मागून कुणीतरी हसलं. शेवटी मोठ्या बाई स्वतः गेल्या.

ते प्रशस्तिपत्रक चौकटीत बसवून ऑफिसात लावलं. शिक्षकांच्या हजेरीचं मस्टर त्याच्याच खाली होतं. बाई रोज तिथे सही करायच्या.

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मी पेढे घेऊन शाळेत गेले. मी जे काही झाले ते बाईंमुळे. पेढे प्रयोगशाळेत दिले, पाया पडले आणि ऑफिसात न जाता तिथूनच परत आले.