फिटरचा लाल ठिपका

कारखान्यात त्याला सगळे ठिपके म्हणायचे आणि तो बेधडक ओ द्यायचा. नट आवळायचा, तो सुटू नये म्हणून त्यात स्प्लिट पिन घालून तिची टोकं वाकवायची आणि मग वर नेलपॉलिशचा लाल ठिपका. ठिपका नाही तोवर काम झालं नाही, असा त्याचा नियम. बायकोच्या बाटल्या अशाच संपल्या. घरच्या गाडीवर मात्र ठिपक्याचा मान लेकीचा. चार वर्षांची असल्यापासून ती गाडीखाली सरपटत जायची आणि त्याने "दे" म्हटलं की ठिपका द्यायची.

निवृत्त झाला तरी गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायला तो तयार नव्हता. गाडी लेकीहून दोनच वर्षांनी लहान. त्या रविवारी त्याने पुढच्या चाकांजवळचे स्टिअरिंगचे सांधे बदलायला काढले. जुने इतके झिजले होते की चाक हाताने हलवलं तरी खडखडायचं, आणि लेकीला दुपारी याच गाडीने नातीला घेऊन डोंगरापलीकडे आपल्या घरी जायचं होतं. डावी बाजू झाली. उजवा सांधा बसवला, नट नुसता बोटांनी फिरवून ठेवला, तेवढ्यात बायकोने हाक मारली. मेहुण्याचा फोन होता. मेहुणा बोलायला लागला की समोरच्याने खुर्चीच ओढून घ्यावी.

परत आला तर नटावर लाल ठिपका, आणि लेक हात पुसत उभी. आवळला वाटतं आपण मघाशीच, तो मनात म्हणाला. वय झालं, विसरायला होतं. विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण ज्या ठिपक्यावर उभा जन्म काढला त्यालाच काय साक्षीदार विचारायचे? त्याने चाक चढवलं आणि गल्लीत एक फेरी मारली. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरलं.

लेक गेल्यावर अवजारं आवरताना डबीच्या झाकणात एक पिन सापडली. त्याने दोनच आणल्या होत्या.

त्याने लेकीला फोन लावला. नुसतीच रिंग. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे त्यानेच तिला कान धरून शिकवलं होतं. पिन आणि पाना खिशात टाकून त्याने शेजाऱ्याची स्कूटर काढली. काय झालं म्हणून बायको मागे धावली, तोवर तो गल्लीबाहेर पडला होता. वाटेतल्या प्रत्येक वळणावर तो आधी कठडा शाबूत आहे का ते बघत होता.

उताराच्या तोंडाशी पेट्रोल पंपावर गाडी उभी दिसली. नातीला गाडी लागते, म्हणून लेक तिला सावलीत बसवून पाणी पाजत होती. तो सरळ गाडीशेजारी आडवा झाला आणि चाकामागे हात घातला. नट पान्याशिवाय फिरला. दुसऱ्या वेढ्याला तो ठिपक्यासकट त्याच्या तळहातात आला.

लेक वाकून बघत होती.

"हा ठिपका तू दिलास?" त्याने विचारलं.

"नट बसलेला दिसला, बाबा. म्हटलं, तेवढंच तुमचं काम वाचेल." मग हळूच म्हणाली, "लहानपणीही द्यायचे मी कधीकधी. तुम्ही म्हणायच्या आधीच."

तो रागावला नाही. रागवायला अंगात जीव कुठे होता? त्याने नट पुरता आवळला, पिन घातली, टोकं वाकवली. मग पडल्यापडल्या वर पाहिलं. ब्रेकपाशी, दांड्यांवर, चाकांच्या आत, सगळीकडे ठिपके होते, काही जुने होऊन तपकिरी पडलेले. कोणते त्याने सांगितल्यावर दिलेले आणि कोणते आधीच, हे त्याला आता ओळखता येईना.

"झालं का, आजोबा?" नातीने विचारलं. ती केव्हाच मागच्या सीटवर जाऊन बसली होती.

त्याला हो म्हणवेना.