अरविंदचं तिसरं वाक्य

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, भानामती यावर माझा काडीचा विश्वास नाही. कोणी असलं सांगायला लागलं की मी सरळ उठून जायचो. तरी हे लिहितोय... वाचा आणि तुम्हीच ठरवा.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हाची गोष्ट. मी वऱ्हाडातल्या जानेफळचा, पुण्यात एम.ए. करत होतो. माझं 'मले-तुले' ऐकून हॉस्टेलात सगळे इतके हसले, की महिन्याभरात मी माझी बोली गिळूनच टाकली. आणि माझा रूम-पार्टनर अरविंद, पक्का पुणेकर, त्याच बोलीवर पीएच.डी. करायला निघाला! हसावं की रडावं? पण माणूस लाख होता. मी त्याला आमच्या वऱ्हाडातल्या उंद्रीला माझ्या मावशीकडे नेलं.

त्याची पद्धत अशी – स्वतः वऱ्हाडीत वाक्य जुळवायचं, चुकलं तर मावशीने सुधारायचं. खाण्यापिण्याची वाक्यं झाली. मग ओसरीत बसून गडी मोडण्या-तुटण्याच्या वाक्यांवर आला. "माहं बोट तुटलं." "मले बैलानं मारलं." आणि माझ्याकडे बघत, हसत – "माह्या दोस्तानं मले कुऱ्हाडीनं हाणलं."

मावशीचा चेहरा उतरला. "असं अभद्र काऊन बोलून राह्यला रे बापू? वास्तू तथास्तु म्हणते."

"मावशी, वाक्य बरोबर हाये का नाई ते सांगा ना!"

"बरोबर हाये, म्हणून तं भेव लागते."

संध्याकाळी अरविंद हौसेने कडबा तोडायला बसला आणि विळ्याने करंगळीचं पेर उडवलं. आम्ही त्याला योगायोग म्हटलं.

सकाळी मावशीच्या बैलाने – ज्याच्या पोटाखालून पोरं खेळायची – अरविंदच्या बरगडीत शिंग घातलं, उचलून गव्हाणीवर आपटलं, पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. मावशी ओरडली, "आंधी थे कुऱ्हाड टाक इहिरीत!"

घरातली एकुलती एक कुऱ्हाड मी विहिरीत फेकली. बुडाल्याचा आवाज ऐकला. काय हा वेडेपणा, असंही मनात आलं.

काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, बैलगाडी जुंपली. चिखलीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. गाडीत कडबा पसरला, त्यावर अरविंद, उशाशी मी. तो भेदरून माझ्याकडेच बघत होता.

"तू खाली उतर रे... चालत ये," तो म्हणाला.

मी चिडलो. "वेडा झालास का? तुला असा सोडून?"

त्यापुढचं मला आठवत नाही. काकांच्या किंकाळीने भानावर आलो. अरविंदचा खांदा हाडापर्यंत फाटला होता, कडबा लाल झाला होता, आणि माझ्या हातात कुऱ्हाड होती. तीच. दांड्याला मावशीने गुंडाळलेली तार होती. दांडा गार पडला होता... आणि त्यावरून पाणी गळत होतं.

तो वाचला. हात मात्र कापावा लागला. 'लाकडं फोडताना लागलं' असं त्याने डॉक्टरांना सांगितलं, पोलिसांपर्यंत काही जाऊ दिलं नाही. मी लॉजिक लावून थकलो. कोणी म्हणेल, बोलीवरून मनात राग असेल. असेलही. पण रागाने कुऱ्हाड विहिरीतून वर येत नाही.

शुद्धीवर आल्यावर त्याने मला एकच विचारलं होतं –

"काऊन मारलं बे मले?"

इतकं चोख, की मावशीला सुधारायला काही उरलं नव्हतं.