त्या रीलमधले हात माझे नाहीत

गेल्या महिन्यातला एक रविवार... इंदिरानगरमधलं माझं स्वयंपाकघर, ओट्यावर रव्याचा घट्ट गोळा आणि मी सकाळपासून त्याच्याशी झगडतेय. दक्षिण इटलीत कानाच्या पाळीच्या आकाराचा एक पास्ता करतात, ओरेकिएत्ते. अंडं नाही, मशीन नाही... नुसता रवा, पाणी आणि अंगठा.

माझं पेज बघणाऱ्यांना माझा स्वभाव ठाऊक आहे. पास्त्यात केचप घालणाऱ्यांवर मी इथेच तावातावाने लिहिलंय, क्रीमवाल्यांनाही सोडलेलं नाही. त्यामुळे आपलं सगळं कसं अस्सल हवं... पण पाळ्या काही जमेनात. काही चपट्या, काही फाटक्या, काही तर चघळून टाकलेल्या च्युइंगमसारख्या.

सुमनताई आमच्याकडे गेली चार वर्षं पोळ्यांना येतात. माहेर घोटीजवळचं. पोळ्या आटोपून हात पुसत त्या माझा पराक्रम बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, हे तर आपल्या नखुल्यांवानी हाय. सरका जरा."

लग्नाआधी बायका एकत्र बसून रव्याचे गव्हले, नखुल्या वळतात, त्याला वळवट म्हणतात एवढं मला ऐकून माहीत होतं. पण लहान वयात सुमनताईंचा हात त्यात इतका बसला होता, की शेजारच्या गावांतून त्यांना खास बोलावणं यायचं... हे मला त्या दिवशी कळलं. चिमूटभर भिजवलेला रवा, अंगठ्याचा एक दाब, एक झटका, की पाळी तयार. बघता बघता ताट भरलं. "एवढी मरमर करून खायचं मूठभर," हेही वर ऐकवलं.

मी फोन काढला आणि हातांचा अगदी जवळून व्हिडिओ घेतला. घेताना त्यांना म्हणाले, बांगड्या जरा वर सरकवता का, फ्रेममध्ये येताहेत... व्हिडिओ छान दिसावा म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं.

रील टाकलं. हात कोणाचे, ते लिहिलं नाही. माझ्या कुठल्याच रीलला आले नव्हते एवढे लाइक्स आले. लोक विचारायला लागले, हात काय सराईत आहे, कुठे शिकलात, वर्कशॉप कधी घेताय... निदान तिथे तरी खरं सांगायचं. मी लिहिलं, "प्रॅक्टिस, दुसरं काय." सोबत एक हसरा चेहरा.

बुधवारी सुमनताई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "पोरीच्या मोबाइलवर तुमचा व्हिडिओ पाहिला. म्हनलं, बघ, तुझ्या आईचे हात. तर ती हसायलाच लागली. म्हनती, त्या मॅडमनी खाली लिहिलंय, त्यांची प्रॅक्टिस हाय... तू कशाला खोटं बोलते?" मग लाटणं थांबवून हळूच म्हणाल्या, "तुम्ही तिला फोनवर सांगता का जरा? माझं नाय ऐकत ती."

त्यांची ही मुलगी, दीपाली, कॉलेजात आहे. तिने आईला वळवट करताना कधी पाहिलेलंच नाही, त्यांच्याकडेही आता सगळं विकतचं येतं. तिच्या लेखी आई म्हणजे सकाळी उठून लोकांकडे पोळ्या लाटायला जाणारी बाई. त्या आईला इतक्या वर्षांनी मुलीला दाखवावं असं काहीतरी सापडलं होतं... आणि ते मी माझ्या नावावर करून बसले होते.

मी "हो, सांगते ना" म्हणाले. नंबरही घेतला. पण दीपालीने उद्या कमेंटमध्येच सगळं लिहिलं तर... या भीतीने गुरुवार गेला, शुक्रवार गेला. सुमनताई रोज आत येताना एकदा माझ्याकडे बघायच्या. विचारायच्या नाहीत. मी चहाचा कप पुढे करून दुसरंच काहीतरी बोलायचे.

पुढच्या मंगळवारी मीच विषय काढला, आज नक्की फोन करते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या ताई," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तिला, तुझी गंमत केली म्हनून. उगा घरात रोज तेच तेच."

माझा खोटेपणा मिटवायला ही बाई स्वतःच्या मुलीसमोर खोटी ठरली होती. मला इतकी लाज वाटली, की त्यांच्याकडे बघवेना.

मी लगेच आतल्या खोलीत जाऊन दीपालीला फोन लावला. सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आईनेच सांगितलं असेल ना तुम्हाला, असं म्हणा म्हणून? असू दे मॅडम. ती तसं करते कधीकधी." त्या बुधवारी फोन केला असता, तर कदाचित तिला पटलं असतं...

म्हणून आज इथे लिहितेय, जिथे खोटं लिहिलं तिथेच. ती "प्रॅक्टिस"वाली कमेंट मी काढलेली नाही, तिच्याखाली खरं काय ते लिहिलंय. वर्कशॉपचं विचारू नका, मला ते येतच नाही. पोस्ट टाकण्याआधी सुमनताईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "टाका. पन लय लांबड लावलीय."

दीपाली, माझ्या बोलण्यावर तुझा विश्वास बसला नाही, यात तुझी काहीच चूक नाही. तुझी आई पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती. एखाद्या सुट्टीला घरी थोडा रवा भिजव, तिच्यासमोर ठेव आणि नुसती बघत बस... मग कोणाला विचारायची वेळच येणार नाही तुझ्यावर.